आरोहीचे आठ दात

दवाखान्यात आलेलं मूल आधी समोरच्याच्या हातांकडं बघतं, तोंडाकडं नंतर. हातात काय आहे, एक हात पाठीमागं का आहे, हे त्याला लगेच कळतं. सांगलीत मुलांच्या दातांच्या दवाखान्यात मी कामाला लागले तेव्हा हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पाच-सहा मुलं हाताला कडकडून चावल्यावर ते समजलं. मग मी दोन्ही हात पुढं, मोकळे ठेवून उभी राहायला लागले.

मला कामावर घेतलं तेही हातांमुळंच. डॉक्टर मॅडमचा दवाखाना तेव्हा नवा होता. त्यांनी विचारलं, "शिक्षण किती झालंय?"

"चौथी."

"मुलं सांभाळलीत का कुठं?"

"न्हाई. शेरडं सांभाळलीत."

मॅडम हसल्या. म्हणाल्या, "मग जमेल. उद्यापासून या."

माझं माहेर औंधच्या पलीकडं, माळावर. चौथीच्या पुढची शाळा लांब होती, म्हणून मी शेरडांमागं गेले आणि लग्न करून सांगलीत आले. चारचौघांत बोलायला मला तेव्हाही जमायचं नाही. दवाखान्यात बोलायचं काम मॅडमचं आणि धरायचं काम माझं, ही वाटणी मला फार बरी वाटली होती.

आता नोकरी संपली आहे. अपॉइंटमेंटची एक जुनी वही मॅडमनी मला दिली, तिच्या कोऱ्या पानांवर हे लिहिते आहे. दिवाळी अंकात लोक आपापल्या नोकरीच्या आठवणी लिहितात, त्या मी दरवर्षी वाचते. माझं हे छापायला नाही. आरोही नावाच्या एका मुलीबद्दल मी आजवर कुणाशी नीट बोलले नाही, ते एकदा लिहून ठेवावं असं वाटलं. पण आमचं काम काय असतं ते आधी सांगायला हवं, नाहीतर तिची गोष्ट कळणार नाही.

सुरुवातीला धरायचं म्हणजे खरोखर धरायचं. एकजण डोकं धरायची, दुसरी पाय. आईला बाहेर बसवायचं. मूल ओरडलं की तोंड उघडतं, तेवढ्यात मॅडम आपलं काम करून घ्यायच्या. सगळीकडं तसंच चालायचं. मी त्यात पटाईत होते. माझ्या हातून मूल सुटायचं नाही, याचा मला अभिमानही होता. एका मुलाची मनगटं मी इतकी घट्ट धरली होती की माझ्या बोटांचे वळ उठले. वीसेक वर्षांनी तोच मुलगा बाप होऊन, आपल्या पोराला घेऊन आला. त्यानं मला ओळखलं नाही. मी ओळखलं. तो जाईपर्यंत मी आत अवजारं धूत उभी राहिले. धुतलेलीच परत धुतली.

पुढं मॅडमनी ते धरणं बंद केलं. एकदा पुण्याला कसलंसं शिक्षण घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मावशी, आजपासून कुणाला धरायचं नाही. आधी दाखवायचं, मग सांगायचं, मग करायचं." मला वाटलं, आता माझी नोकरी गेली. पण मग मुलाच्या नखावर तो फिरणारा ब्रश फिरवून दाखवायचा, थुंकी ओढणाऱ्या नळीनं पेल्यातलं पाणी ओढून दाखवायचं, ही कामं माझ्याकडं आली. नळीला आम्ही 'तहानलेला साप' म्हणायचो. मुलं स्वतःहून म्हणायची, "मावशी, सापाला पाणी पाजा की."

यंत्रं एकेक करून येत गेली. आधी अवजारं पातेल्यासारख्या डब्यात पाण्यात उकळायची. त्या वाफेचा आणि लवंगेच्या तेलाचा मिळून एक वास दवाखान्यात असायचा. आता तसा वास कुठंच येत नाही, आणि कधीकधी मला त्याची आठवण येते. मग ऑटोक्लेव्ह आला. तो प्रेशर कुकरच, फक्त मोठा आणि शिस्तीचा. अवजारं कागदी पाकिटात बंद करायची आणि पाकिटात एक पट्टी ठेवायची. वाफ आतपर्यंत नीट पोचली तर पट्टी काळी होते. एकदा यंत्रावर हिरवा दिवा लागला, इंग्रजीत काम झाल्याचं आलं, पण आतल्या पट्ट्या मातकटच राहिल्या. बाहेर चार मुलं बसलेली. मला इंग्रजी येत नाही, पण पट्टी येते. मी अवजारं दिलीच नाहीत. मॅडमनी दोनदा हाक मारली तेव्हा काही न बोलता पट्टी त्यांच्या पुढं धरली. यंत्राच्या दाराचं रबर एका बाजूनं फाटलं होतं. त्या दिवशी चारही मुलं परत पाठवली. बोलावं लागलं नाही, पट्टी दाखवून भागलं, म्हणून ते मला जमलं.

एक्सरेही असाच बदलला. पूर्वी फिल्म काळ्या पेटीत हात घालून धुवायची, तोवर मूल खुर्चीवरून पळालेलं असायचं. आता तोंडात छोटी चकती ठेवली की चित्र लगेच पडद्यावर दिसतं. त्याला किरणंही कमी लागतात, असं मॅडम सांगायच्या. तरी गळ्याभोवती शिशाची पट्टी मी बांधायचीच. मग तोंडात घालायचा कॅमेरा आला. पेनाएवढा. त्यानं दात टीव्हीवर दिसायचा, मोठ्या धोंड्याएवढा. मिरजेकडचे एक आजोबा नातवाला घेऊन आले होते. मॅडमनी टीव्हीवर कीड दाखवली.

आजोबा चष्मा पुसून पुढं आले. "किडा कुठाय?"

"आजोबा, किडा नसतो. दात किडलेला आहे. हा काळा खड्डा बघा."

"ते बिळ झालं. आतला किडा दाखवा."

"आत किडा नसतोच."

आजोबा माझ्याकडं वळून म्हणाले, "आमच्या गावात एक बाई यायची. कानात फुंकून दातातनं सात किडं काढून हातावर ठिवायची. आन् तुमी एवढा म्होटा टीव्ही लावलाय, तर एक किडा घावंना व्हय?"

नातू हसला. मीही तोंडावरचा मास्क सारखा केल्यासारखं करून हसून घेतलं.

सगळं हसण्यावारी जायचं असं नाही. दात बधिर करायची सुई दिली की ओठही दोन-तीन तास बधिर राहतो. मुलाला गंमत वाटते, ते ओठ चावत बसतं. हळदीच्या एका व्यापाऱ्याच्या मुलानं घरी जाऊन ओठ इतका चावला की दुसऱ्या दिवशी तो वांग्यासारखा सुजला. त्याच्या आईला वाटलं, सुईनं जाळला. ओठाकडं लक्ष ठेवा, हे निघताना सांगायचं काम माझं होतं. मी सांगितलंही होतं, पण हळू, खाली बघत, आणि तेव्हा ती चप्पल घालत होती. तिला ऐकूच गेलं नव्हतं. त्यानंतर मॅडमनी मला बोलायला लावलं. बाहेरच्या खोलीत, सगळ्यांसमोर, मोठ्यानं. पहिले काही दिवस मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून बोलायचे.

फोन करायचं कामही असंच माझ्याकडं आलं. आमच्याकडं फोनवर बसणारी मुलगी शहरातली होती. माळावरच्या वाड्यावस्त्यांवरून येणाऱ्या बायकांना तिचं बोलणं नीट लागायचं नाही आणि त्यांचं तिला. मॅडम म्हणाल्या, "मावशी, तुम्ही त्यांच्या भाषेत सांगा." त्यांची भाषा म्हणजे माझीच.

आरोही आली तेव्हा पाच वर्षांची होती. तिला तिची आजी घेऊन आली होती, सोबत तिची आई सुरेखा. माणसं धनगर, माझ्या माहेराच्याच अंगाची, चार कोसांवरची. मुलगी वाळलेली. डोळे मात्र मोठे. ती माझ्या हातांकडं बघत राहिली.

"भाकरी चावत न्हाई," आजी म्हणाली. "दुधात कुस्करून द्यावी लागतीया. रडून रडून झोपती."

मॅडमनी कॅमेरा फिरवला. आठ दात किडलेले होते. दोनांच्या खाली पू होता. चहा-बिस्किट, आणि रात्री दुधाची बाटली तोंडात धरून झोपायची सवय, त्याचं हे फळ.

"हे दुरुस्त करावं लागेल," मॅडम म्हणाल्या. "दाढा दहा-अकरा वर्षांपर्यंत लागतात तिला. आणि हा पू वाढत गेला तर ताप येईल, गाल सुजेल, जिवावरही येऊ शकतं."

आजी म्हणाली, "हिचा बा म्हनतो, दुधाचं दात, पडायचंच. त्यो मेंढरं घिऊन चाऱ्यासाठी खालच्या मुलखाला गेलाय. म्या भांडून आणलीया. एकदा म्हनाला. एकदाच घिऊन जा, परत न्हाई."

इतक्या लहान मुलीला आठ दातांसाठी सहा-सात वेळा एवढ्या लांबून आणणं शक्य नव्हतं, आणि ती बसलीही नसती. अशा मुलांचं सगळं काम मॅडम एकाच वेळी, पूर्ण भूल देऊन करायच्या. आमच्याच इमारतीत वर लहान मुलांचं रुग्णालय आहे, तिथली ओटी, म्हणजे ऑपरेशनची खोली, त्यासाठी मिळायची. भुलीचे डॉक्टर बाहेरून यायचे, पंधरा दिवसांतून एक सकाळ आमच्यासाठी ठेवायचे. यंत्रावर मुलाचं हृदय, श्वास, रक्तातला प्राणवायू, सगळं सारखं दिसत असतं. तरी एक गोष्ट कुठल्याच यंत्राला दिसत नाही, ती म्हणजे पोटात काय आहे. भूल दिली की शरीर ठसका द्यायचं विसरतं. पोटातलं अन्न वर आलं तर ते श्वासनलिकेत जातं, तिथून फुप्फुसात. म्हणून मुलाला आधी सहा ते आठ तास उपाशी ठेवायचं. जेवण, दूध सगळं बंद. हे एकच काम पूर्णपणे घरच्यांच्या हातात असतं.

आदल्या दिवशी संध्याकाळी मी फोन केला. आजीच बोलली.

"आजी, रातच्या जेवणानंतर पोरीला काय द्यायचं न्हाई बरं का."

"न्हाई देत."

"सकाळी दूध न्हाई. च्या न्हाई. बिस्कुट न्हाई. रडली तरी न्हाई."

"आगं, न्हाई म्हनलं न्हवं का. तू आमच्याकडचीच दिसतीयास. कुठल्या गावची?"

मी गाव सांगितलं. त्यांनी माझ्या भावाला ओळखलं. बोलणं माहेरावर गेलं, पावसावर गेलं. मला फार बरं वाटलं. फोन ठेवला तेव्हा मनात आलं, आज आपल्याला नीट बोलता आलं.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला त्या तिघी वडापच्या, गावोगावची माणसं भरून आणणाऱ्या जीपमधून उतरून आल्या. आरोहीला नवा फ्रॉक घातला होता. वर ओटीबाहेर भुलीच्या डॉक्टरांनी विचारलं, "मुलीनं सकाळपासून काही खाल्लंय?"

"न्हाई," आजी म्हणाली.

"दूध, पाणी, चहा?"

"कायबी न्हाई. ह्या बाईनं सांगितलंय समदं."

सुरेखानंही मान हलवली. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं आणि ते तयारीला गेले.

आत न्यायच्या आधी मुलाचं तोंड ओल्या कापडानं पुसून घ्यायचं, हे माझं काम. मी आरोहीला मांडीवर घेतलं, तिच्या दाढांवरून कापड फिरवलं. बाहेर काढलं तर कापडावर तपकिरी कण. मी ते नाकाशी नेलं. गूळ आणि तूप.

मी आजीच्या जवळ जाऊन बसले. काय झालं असणार ते मला विचारायच्या आधीच कळलं होतं. आमच्याकडून निघालेलं माणूस, आजारी लेकराला घेऊन, औंधवरून जाताना यमाईदेवीच्या देवळात थांबल्याशिवाय राहत नाही. मीही कधी राहिले नाही.

"आजी, देवीला थांबला हुता?"

"मग? एवढं म्होटं काम. पाया पडल्याबिगर कसं यायचं."

"मलीदा केला हुता?"

"पहाटं उठून केला. निवद दावला."

"पोरीला दिला?"

आजीनं माझ्याकडं बघितलं. "परसाद त्यो. देवीचा हाय. ते काय खाणं व्हय का?"

"किती दिला?"

"आसंल दोन मुठी. प्वार उपाशी हुतं रातपासनं."

"कवा?"

"दिस उगवताना."

मी मनातल्या मनात तास मोजले. पुरे होत नव्हते, तुपागुळात कुस्करलेल्या चपातीचा मलीदा म्हणजे नाहीच. आजीनं माझा हात धरला.

"बाई, ऐक. सांगू नगंस. आपल्या मुलखातली म्हनून तुला बोलले. तिचा बा परत पाठवायचा न्हाई. एकदाच म्हनलाय त्यो. तुला ठावं न्हाई त्याचा सोभाव. आगं देवीचा परसाद कुणाचं वाईट करतो व्हय?"

आरोही माझ्या मांडीवर तो ओला बोळा हातात घेऊन खेळत होती. न सांगावं असं मला वाटलं, हे मी इथं लिहून ठेवते. दोन मुठीच तर आहेत. जाईल पार पडून. सांगितलं तर आज काम होणार नाही, आणि मग कधीच होणार नाही. पू तसाच राहील. आणि सांगायचं म्हणजे भुलीच्या डॉक्टरांशी बोलायचं. इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी एक वाक्यही बोलले नव्हते. त्यांना चहा नेऊन ठेवायचे आणि मागं फिरायचे.

मी आरोहीला तिच्या आईकडं दिलं आणि ओटीच्या दारात जाऊन उभी राहिले. ते औषध भरत होते.

"सर."

त्यांनी वर बघितलं नाही. मी परत म्हटलं, "सर, मुलीच्या पोटात मलीदा आहे."

हातातली सिरिंज त्यांनी खाली ठेवली. "कधी खाल्लाय? किती?"

मी सांगितलं. मॅडम मागून आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "दुपारी करता येईल का?" डॉक्टर म्हणाले, "एकपर्यंतच ओटी आहे, आणि मला दोनला मिरजेत केस आहे. अशा पोटावर मी भूल देणार नाही." ते रागावले नाहीत. कागदावर आधी लिहिलेलं खोडलं, आणि माझ्याकडं एकदा बघितलं.

बाहेर येऊन मॅडमनी आजीला समजावून सांगितलं. आजी त्यांच्याकडं बघतच नव्हती. ती माझ्याकडं बघत होती.

"तुला म्या आपली म्हनून सांगितलं," ती म्हणाली.

आता मुलीला खायला द्यायला हरकत नव्हती. मी खालून माझा डबा आणला, त्यातला मऊ भात कालवला. आरोहीनं तोंड उघडलं. आजीनं माझा हात बाजूला केला.

"ऱ्हाऊ दे. तिला घरी हाय खायाला."

त्या तिघी जिना उतरून गेल्या. आरोही मागं वळून डब्याकडं बघत होती.

त्या दिवशी मॅडम मला एवढंच म्हणाल्या, "आपल्या सूचनांच्या कागदात प्रसादाचं लिहायचं राहिलंय." पण चूक कागदाची नव्हती. फोन मी केला होता. दूध, चहा, बिस्किट, सगळं मोजून सांगितलं, आणि त्या मुलखातली असून यमाईचं सांगायला मला सुचलं नाही. शहरातल्या मुलीला सुचलं नसतं तर तो तिचा दोष नव्हता. मला सुचायला पाहिजे होतं.

पुढच्या तारखेसाठी मी फोन केला तेव्हा तो आरोहीच्या वडिलांनी उचलला; ते दोन दिवसांसाठी घरी आले होते. म्हणाले, "आणली हुती की. तुमीच माघारी लावली. आता न्हाई." फोन बंद. मी आणखी दोनदा केला. उचलला नाही. पुढची तारीख गेली. दुसरी कुणी मुलं आली, कामं झाली. मी पाकिटं बंद करायची, पट्ट्या तपासायची, आणि मधेच त्या मुलीचा गाल सुजला असेल का, असं मनात यायचं.

शेवटी एका रविवारी मी भावाकडं जाते म्हणून एसटीत बसले, आणि गावाकडं न जाता पुढं त्यांच्या वस्तीवर गेले. कुणाच्या दारात न बोलावता जाण्याची माझी ती पहिली वेळ.

आजी अंगणात एका करडाला बाटलीनं दूध पाजत बसली होती. बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. सुरेखानं चहा आणला. आरोही दारामागून बघत होती. तिचा डावा गाल थोडा वर आला होता.

काय बोलायचं ते मी एसटीत पाठ केलं होतं, पण त्यातलं काही आठवेना. मी त्या करडाकडं बघितलं आणि म्हटलं, "आजी, मेंढराला जंताचं औषध पाजताना मान लय वर केली तर काय हुतं?"

"ठसका लागतो."

"आन् औषध छातीत गेलं तर?"

आजीनं बाटली खाली घेतली. "मग ऱ्हात न्हाई. दोन दिस धापतंय आन् जातं. लय गेली तशी."

"भुलीत प्वार खोकू शकत न्हाई. पोटातलं वर आलं की सरळ छातीत जातं. मलीदा असू दे न्हाईतर दूध असू दे. देवीचा असू दे न्हाईतर घरचा."

करडू आजीच्या मांडीत तोंड खुपसत होतं. मग ती म्हणाली, "हे तवाच का न्हाई सांगितलंस? फोनवर? च्या देऊ नगा, बिस्कुट देऊ नगा, एवढंच म्हनलीस. पाण्यापावसाचं बोललीस. हे सांगितलं असतंस तर मी देवीच्या पाया पडून तशीच आले असते."

मी म्हटलं, "चुकलं माझं."

"माझंबी चुकलं," असं ती म्हणाली नाही. तिनं म्हणावं असं मला वाटलंही नाही. ती सुरेखाला म्हणाली, "पोरीच्या बाला फोन लाव. मला बोलू दे." आणि करडू घेऊन आत गेली. निघताना मी दारातून हाक मारली, पण ती बाहेर आली नाही. मुलाशी तिचं काय बोलणं झालं ते मला कळलं नाही. परतीच्या एसटीत आपण जाऊन उगाच हसं करून घेतलं, असंच वाटत राहिलं.

पुढच्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी मी फोन केला. सुरेखानं उचलला. मी सगळं सांगितलं, देवीचंही सांगितलं, का ते पण सांगितलं. ती फक्त "बरं" म्हणत राहिली. येणार का, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

सकाळी नऊला त्या तिघी जिना चढून आल्या. आजी माझ्याशी बोलली नाही. बाकावर पदर सावरून बसली. मी गालाचं सांगितल्यावर मॅडमनी दिलेलं औषध मी भावाच्या हातून वस्तीवर पोचवलं होतं, त्यानं आरोहीचा गाल उतरला होता. भुलीचे डॉक्टर कागद घेऊन आले.

"सकाळपासून काही खाल्लंय का मुलीनं?"

सुरेखा आजीकडं बघायला लागली. आजीनं माझ्याकडं हात केला. "तिला इचारू द्या."

डॉक्टर बाजूला सरकले. ओटीतली नर्स, मॅडम, बाकावरची दोन-तीन माणसं, सगळी माझ्याकडं बघत होती.

"आजी, देवीला थांबला हुता?"

"न्हाई. रस्त्यावरनं हात जोडलं. म्हनलं, येताना थांबतो."

"वाटंत कुणी काय दिलं? साखर, खोबरं, अंगारा?"

"कायबी न्हाई. रातच्याला आठ वाजता भात खाल्लाय. मी तिच्याजवळच निजले हुते. उठून पाणी मागितलं, ते बी दिलं न्हाई."

"गाडीत कुणी गोळी, चाकलेट?"

"एक बया देत हुती. मी तिला आशी बोलले की पुढच्या थांब्यावर उतरून गेली."

नर्स हसली. मी डॉक्टरांना म्हटलं, "सर, पोट रिकामं आहे." त्यांनी लिहून घेतलं. मी आरोहीचं तोंड पुसलं, कापड पांढरंच बाहेर आलं, आणि आम्ही आत गेलो.

दोन दात काढावे लागले, सहा राहिले. चार दाढांवर स्टीलच्या टोप्या बसल्या. काम दोन तास चाललं. त्या दोन तासांत मी फक्त यंत्रावरचे आकडे आणि तिची छाती, एवढंच बघत होते.

आरोही जागी झाली ती रडतच. आवाज बसका, तोंड जड, आईला ओळखेना. मॅडम म्हणाल्या, असं होतं, घाबरू नका. सुरेखा घाबरली होती. आजी घाबरली नाही. तिनं मुलीला सगळी आपल्या मांडीवर ओढून घेतली, फ्रॉक वर केला आणि तिच्या छातीला कान लावला. भुलीचे डॉक्टर दारात उभे होते, गळ्यात छाती तपासायची नळी घालून. तेही थांबले. आजीनं एका बाजूला ऐकलं, मग दुसऱ्या बाजूला, मग पाठीला.

मग तिनं मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं.

"छाती मोकळी हाय," ती म्हणाली. "ये, तूबी ऐक."